साखळीचा पेला

आमच्या लॉन्ड्रीत पाण्याच्या टाकीला स्टीलचा एक पेला साखळीनं बांधलेला होता. तो मीच बांधला. चोरीला जाईल म्हणून नव्हे, त्याच्या शेजारी दुसरा पेला येऊ नये म्हणून.

माझी आई लोकांच्या घरच्या फरशा पुसायची. तिथे तिच्यासाठी कान तुटलेला एक कप होता आणि तो मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर, बाहेरच्या बाजूला पालथा असायचा. मी सहा-सात वर्षांची असताना तहान लागली म्हणून ओट्यावरचा ग्लास उचलून प्याले. घरच्या बाईंनी तो ग्लास उचलून कचऱ्यात टाकला. घरी आल्यावर आईनं मला बदडलं आणि मग स्वतःच रडत बसली.

त्यामुळे मुकादम झाल्यावर मी पहिलं काम हेच केलं. एक टाकी, एक पेला. धुणाऱ्या, खळ घालणाऱ्या, इस्त्रीवाल्या सगळ्या त्यानंच पाणी पिणार. मालक आले आणि तहान लागली, तर त्यांनाही तोच. नवी बाई आली की मी स्वतः तो भरून तिला द्यायचे आणि म्हणायचे, "झालीस आमची." त्या पेल्याचा मला भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू.

माझी धाकटी जाऊही तिथेच होती. मीच तिला लावून घेतलं होतं. चादरीची घडी घालावी तर तिनं. तिच्या घडीचा कोपरा कोपऱ्यावरून तसूभर हलायचा नाही. पण जरा किळसखोर. घरात पोटच्या पोरीचं उष्टंही खायची नाही. मी तिला राणीसरकार म्हणायचे. ती हसायची, "म्हणा ताई, म्हणा. राणीचा ताट-तांब्या तेवढा वेगळा ठेवा." लॉन्ड्रीतही ती पेला वर धरून, तोंडाला न लावता पाणी प्यायची. मला ते खटकायचं, पण घरचंच माणूस म्हणून सोडून द्यायचे.

मग शहरात घटसर्पाची साथ आली. लहान मुलांना होतो असं ऐकलेलं, यंदा मोठ्यांनाही व्हायला लागला. आरोग्य खात्याच्या नर्सबाई लॉन्ड्रीत आल्या, सगळ्यांचे घसे बघितले आणि टाकीपाशी थांबल्या. "हा पेला काढा. प्रत्येकीनं आपापला ग्लास आणायचा, नाव घालून."

"हो बाई," मी म्हणाले.

त्यांची पाठ वळेपर्यंत माझं डोकं तापलं होतं. नाव घातलेला ग्लास! मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. डोळ्यांसमोर खिडकीतला तो कपच आला. मी बायकांना म्हणाले, "यांचं काय जातंय सांगायला. आज ग्लास वेगळे, उद्या बाकडी वेगळी." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्यापुढे नाही म्हणायची कुणाची छाती होती?

चार दिवसांनी आमची चिमणी खोकत आली. चिमणी म्हणजे जाऊ घड्या घालायची त्याच टेबलावर इस्त्री करणारी, अंगानं एवढीशी, एका खोलीत भाड्यानं राहणारी एकटी बाई. तिनं पिशवीतून काचेचा ग्लास काढला. "घसा दुखतोय. मी माझा वेगळा आणलाय, मोठ्या बाई. उगीच कुणाला नको."

मी तो तिच्या हातातून घेतला आणि माझ्या कपाटात टाकला. "आमच्यात वेगळं कोणी नाही," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. साखळीचा पेला भरून तिला पाजला, तोच पुन्हा भरून मी प्याले. मग एकेक जण पुढे आली. कुणी हसत, कुणी नुसतीच. मला वाटलं, आई असती तर बघत राहिली असती.

शेवटी जाऊ आली. तिनं पेला नेहमीसारखा वर धरला.

"तोंड लाव," मी म्हणाले.

"ताई, मला नाही जमत."

"चिमणीची किळस येते तुला? तसं असेल तर सरळ सांग. तिच्या तोंडावर सांग."

ती लाल झाली. चिमणी मध्येच म्हणाली, "राहू द्या ना, बाई." मी ऐकलं नाही. जावेनं पेला ओठांना लावला, डोळे मिटले आणि सगळं पाणी प्याली.

चिमणीला दवाखान्यात न्यावं लागलं, पण ती वाचली. मला काहीच झालं नाही, खोकलासुद्धा नाही. जाऊ नवव्या दिवशी गेली. शेवटी तिला पाणीही गिळता येत नव्हतं, घोट घेतला की नाकातून परत यायचं. मी चमच्यानं पाजायला बसले, तर तिनं माझ्या हातातला चमचा धुवायची खूण केली. मी तो तीनदा धुतला. दीर हुंदके देत मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही तिचं आईसारखं केलंत." मी मान खाली घातली, त्यामुळे त्यांना ते खरंच वाटलं.

नर्सबाई पुन्हा आल्या. "ग्लास वेगळे होते ना?" मी तोंड उघडायच्या आत आमच्या बायका एका सुरात बोलल्या, "होते, होते." माझ्यासाठी खोटं बोलल्या बिचाऱ्या. आणि मी त्यांना बोलू दिलं. नर्सबाईंनी कागदावर लिहिलं की दोघी एकाच टेबलावर होत्या, आजार चिमणीकडून आला, आजारी असून ती कामावर आली. मालकांनी तिला परत घेतलं नाही. मी मुकादम. एका शब्दानं अडवू शकले असते. तो शब्द उच्चारायचा तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

दोन महिने मी ते कपाट उघडलं नाही. नंतर वहीसाठी उघडलं, तर ग्लास समोरच. कागदात गुंडाळला आणि दुपारच्या सुट्टीत चिमणीचं घर शोधत निघाले. दीर, मालक, नर्सबाई, सगळ्यांना सांगायचं असं वाटेत दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं.

अंगणात घरमालकीण कपडे वाळत घालत होती. माझं लॉन्ड्रीचं ओळखपत्र बघून म्हणाली, "तिच्याकडे जाताय? तिच्यामुळेच गेली ना तुमच्यातली एक? आम्ही तिचं सगळं बाहेरच ठेवतो बाई. भाडं देते म्हणून ठेवलीय." तिनं बोट दाखवलं. खिडकीच्या कट्ट्यावर, बाहेरच्या बाजूला, एक कप पालथा होता.

माझा हात आपोआप पुढे झाला. तो कप उचलावा, त्यातच पाणी प्यावं आणि या बाईला दाखवून द्यावं. मग कळलं की त्या दिवशीही हाच हात, हाच तोरा होता. मी हात मागे घेतला.

"तिची चूक नाही," मी म्हणाले. "ती वेगळा ग्लास घेऊन आली होती. मी काढून घेतला. गेली ती माझी जाऊ, तिला मी जबरदस्तीनं त्याच पेल्यानं पाजलं."

घरमालकिणीचे डोळे भरून आले. "किती मोठं मन हो तुमचं! स्वतःची जाऊ गेली तरी परक्या बाईसाठी दोष अंगावर घेताय."

मी पुन्हा सांगितलं. तिनं माझा हात थोपटला आणि कपडे झटकायला लागली.

चिमणी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत जाऊन मी तिला विचारलं, "तू का नाही सांगितलंस गं कुणाला?"

"काय सांगणार, मोठ्या बाई? तुमच्याआधी मला कुणी असं आपलं म्हटलं नव्हतं." तिनं माझ्या हातातला पुडा घेतला. "जाऊबाईंना मात्र त्या पेल्याला हात लावू द्यायला नको होता मी. मला रात्रंदिवस तेच आठवतं."

माझा गुन्हा ती वाटून घेत होती. मी म्हणाले, "उद्या आरोग्य खात्यात जाते. कागद बदलून आणते. त्याआधी आज घरी दिरांना सांगते." बोलता बोलताच मला दिरांचा चेहरा दिसला.

तिनं कागद सोडून ग्लास काढला. मोरीपाशी नेऊन साबणानं घासला, मग गरम पाण्यानं विसळला. खिडकीतून हात बाहेर घालून स्वतःचा कप आत घेतला. दोन्हींत पाणी ओतलं आणि ग्लास माझ्यापुढे ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "हा तुमचा वेगळा आहे. भिऊ नका."

ती तिच्या कपातून प्याली. मी ग्लास ओठांना लावला. पाणी बराच वेळ माझ्या तोंडातच राहिलं.