समोरच्या फुटपाथवरचं मशीन

शिंपीणबाईंच्या दुकानासमोर, बागेच्या कुंपणाला टेकून पहिला तंबू लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "असेल कुणी वाटसरू, जाईल आपणहून." पण बघता बघता निळ्या ताडपत्रीशेजारी पिवळी आली, पुठ्ठ्यांचे आडोसे आले, मोडकी गादी आली, एक खरजुलं कुत्रं आलं आणि अख्खा फुटपाथ भरून गेला. बागेत मुलं यायची बंद झाली. सकाळी शटर वर करावं तर पायरीवर कुणीतरी लघवी करून ठेवलेली. बाई फिनाईलची बाटली हातात घेऊनच दुकान उघडायच्या आणि समोर ऐकू जाईल अशा आवाजात सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

नवरा गेल्यापासून दुकान बाईंनीच तगवलं होतं. मापं घेणं, बेतणं, शिवणं त्यांचं. काज, बटणं, हातशिलाई धाकट्या नणंदेची. मागच्या खोलीत दोघी राहायच्या. नणंद अबोल. वहिनीचा पट्टा सुरू झाला की ती मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसायची.

बाईंचं डोकं खरं फिरवलं ते टोपीवालीने. तंबूंतली ही पन्नाशीची बाई, भर उन्हातही डोक्यावर लोकरीची लाल टोपी. एक दिवस तिने ताडपत्रीखाली खोकं पालथं घातलं, त्यावर हाताने फिरवायचं जुनं शिलाई मशीन मांडलं आणि चेन बदलणं, पँट आखूड करणं असली कामं घ्यायला लागली. तंबूंची किळस येते म्हणून दुकानाकडे न फिरकणारी गिऱ्हाइकं स्वस्तात काम होतंय म्हटल्यावर तिच्यापुढे निमूट उभी राहू लागली. हे मात्र बाईंच्या डोळ्यांत कुसळासारखं सललं.

त्या रस्ता ओलांडून गेल्या. "इथे धंदा मांडायला कुणी सांगितलं तुला?"

टोपीवालीने मशीन थांबवलं नाही. "तुमच्याकडे काम मागायला आले होते. उंबऱ्यावरून हाकललंत. आता मी कुणाच्या उंबऱ्यावर नाही."

"फुटपाथ तुझ्या बापाचा नाही."

"तुमच्या सासऱ्याचाही नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी किराणावाल्याला गाठलं, कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरला गाठलं, शेजारपाजारच्या बायका गोळा केल्या आणि नगरपालिकेत जाऊन साहेबाच्या टेबलापुढे ठाण मांडलं. साहेब शेवटी कंटाळले.

नगरपालिकेची गाडी आली ती सकाळी सकाळी. गणवेशातली माणसं ताडपत्र्या ओढत होती, गाद्या फेकत होती. तंबूवाले हाताला लागेल ते घेऊन पळत होते. एका मुकादमाने टोपीवालीचं मशीन उचललं, समोरच्या दुकानाची पाटी वाचली आणि थेट बाईंपाशी आला.

"बाई, हे तुमच्याकडचं का? तुमचं असेल तर आत ठेवतो. गाडीत गेलं की भंगारात जाईल."

टोपीवाली त्याच्या मागोमाग आली होती. डोक्यावरची टोपी काढून तिने हातात धरली होती आणि ती बाईंकडे बघत होती.

"हो म्हणा, वहिनी," नणंद मागून हळूच म्हणाली.

"आमचं नाही."

नणंद पुढे आली. "आमचंच आहे. द्या इकडे."

बाईंनी तिचा दंड धरला. "हिला काय कळतंय. दुकान माझं, मशीनं माझी. टाका गाडीत."

मुकादमाने खांदे उडवले. लोखंडावर लोखंड आदळलं.

टोपीवालीने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "भरलं ना पोट?" एवढंच म्हणाली आणि बाकीच्यांच्या मागे चालायला लागली.

त्या संध्याकाळी नणंदेने सुया डबीत घातल्या. "उद्यापासून मी दुकानात बसणार नाही."

"का? ती काय तुमच्या नात्यातली होती, वन्सं? त्या पायऱ्या तुम्ही धुतल्यात की मी?"

"तुम्ही धुतल्यात. तंबू हलवलेत त्याचं मला काही नाही. पण तुम्ही स्वतः शिवणाऱ्या, वहिनी."

बाई फणकारल्या, "चार दिवसांत याल परत." पण नणंद आली नाही. तिने गणवेशांच्या कारखान्यात काम धरलं. खोली तीच, पण चूल वेगळी मांडली. बोलणं मीठ संपल्यापुरतंसुद्धा उरलं नाही.

फुटपाथ धुऊन निघाला. बागेत मुलं आली, गिऱ्हाइकं आली, किराणावाला येता-जाता बाईंना हात जोडायला लागला.

मग मागच्या गल्लीतल्या बायका आल्या. तंबू आता त्यांच्या दारात लागले होते. "तुम्ही कसे हटवलेत, तेवढं सांगा."

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. कुठल्या साहेबाला धरायचं, कितीही टोलवलं तरी कसं उठायचं नाही, सगळं समजावून दिलं. "आणि गाडी आली की मन घट्ट करा. एकीला दया दाखवलीत की सगळे परत येऊन बसतात."

नणंद कारखान्यातून परतत होती. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत ती आत गेली, पडदा ओढून घेतला. बायका पडद्याकडे बघू लागल्या.

"तिचं मनावर घेऊ नका," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या, साहेब सोमवारी भेटतात."