झाकणं हुंगणाऱ्या शेवंताक्का

नव्या सिस्टिममध्ये ज्याचा रकाना नव्हता, ते माणूस सोमवारी डेअरीवर कमरेच्या वरचंच आलं. असं माणूस एकच होतं, शेवंताक्का. सव्वीस वर्षं त्या गावोगावच्या दुधाच्या प्रत्येक कॅनचं झाकण हुंगतात आणि नासकं दूध बाजूला काढतात.

सिस्टिम मी बनवली. चार महिने सगळ्यांना विचारत हिंडलो. पण मीटिंगा सकाळी सातला, आणि दुधाच्या गाड्याही सातलाच. अक्कांना झाकणं सोडून हलता यायचं नाही. हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नाही, आणि म्हणे मी हुशार.

"अक्का, पाय कुठं गेले?"

"मला कुणी इचारलं व्हतं का?" त्या पुढचं झाकण उचलत म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मॅनेजर फडतरे म्हणाले, "अकराच्या आत सिस्टिममध्ये बसव त्यांना. अकराला ती सुरू होणार." म्हणजे अकराला अक्कांचं उरलेलं अर्धं अंगही जाणार होतं.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याशेजारी स्टुलावर बसलो. "वासावरून काय काय कळतं?"

"ह्या गाईनं कांद्याची पात खाल्लीया. ह्यात रातचं दूध मिसळलंय. आणि ह्या घरात बाळंतीण हाय, कॅन घाईत धुतलाय. परत पाठवू नगं, नुसतं कानावर घाल."

मी लिहीत गेलो. ओळीगणिक अक्का भरत गेल्या. आधी मांड्या, मग गुडघे, मग पोटऱ्या. डावं पाऊल तेवढं राहिलं आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली, 'जागा संपली.'

अकराला पाच कमी होते. मी यादी चाळली. सिस्टिम बनवून झाल्यावर जिचं कुणालाच काम नाही अशी एक नोंद सापडली, माझीच. पुसली. अक्कांची टाच आली, बोटं आली, जोडवंसुद्धा आलं. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरले. मग माझ्या चपला रिकाम्या झाल्या.

"आरं येड्या," अक्का म्हणाल्या. पदराला हात पुसून त्यांनी लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला. बाहेर गाड्या हॉर्न देत होत्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच झाकणं तशीच पडून राहिली.

"तू काय काय करतोस? समदं सांग. सावकाश."

"जागा नाही, अक्का."

"ती मी बघते. तू सांग."

मी सांगू लागलो. एव्हाना माझे गुडघेही नाहीसे झाले होते. अक्का एका बोटानं पहिलं अक्षर शोधत होत्या.