तासाभराचं टोकन

शनिवारी दुपारी सव्वादोनच्या सुमारास रक्तपेढीचे जुने कारकून भैयाजी खुर्चीत रेलून म्हणाले, "आज बरं शांत हाय वं, उत्तरा. घंटी ना काही," आणि उत्तराने चमकून घड्याळाकडे पाहिलं.

नागपुरातल्या त्या रक्तपेढीकडे कुही, पारशिवनीसारख्या गावांच्या रुग्णालयांतून रक्ताची मागणी ईमेलने येई. मेलपेटीवर नजर ठेवणारा प्रोग्राम उत्तरानेच बसवला होता. रुग्णालयाचा मेल आला की वाटपाच्या खोलीतली घंटी वाजे आणि माणसं फ्रीजकडे धावत. शनिवारी दुपारपर्यंत चार-पाच वेळा तरी ती वाजायचीच.

मेलसेवा देणाऱ्या कंपनीने कळवलं होतं की यापुढे नुसत्या पासवर्डवर कोणत्याही प्रोग्रामला पेटी उघडता येणार नाही. प्रोग्रामने आपली गुप्त किल्ली दाखवायची, बदल्यात टोकन, म्हणजे तात्पुरता परवाना, घ्यायचं. ते तासाभराने संपलं की पुन्हा किल्ली दाखवून नवं घ्यायचं. हे काम उत्तराने आज हाती घेतलं होतं. पण कार्यालयाचा जुना दंडक होता. किल्ली कपाटाची असो की संगणकाची, भैयाजींच्या रजिस्टरात नोंद होऊन दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ती वापरायची नाही. भैयाजी नेमके जेवायला गेलेले. तोवर घंटी बंद राहू नये म्हणून साडेबारा वाजता तिने स्वतःच्या नावावर टोकन काढून प्रोग्रामला दिलं. घंटी वाजवून पाहिली, वाजली.

एक वाजता भैयाजी आले. चाळीस अक्षरांची किल्ली कागदावर उतरली, लिफाफ्यात गेली, चिकटवलेल्या कडेवर दोघांच्या सह्या झाल्या. रजिस्टरात 'काम पूर्ण' असं भैयाजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं गेलं. ते वाचून उत्तरालाही काम पूर्ण झाल्यासारखं वाटलं होतं.

किल्ली प्रोग्रामात घालायची राहूनच गेली होती. तिचं टोकन दीड वाजताच संपलं होतं.

आणि बिघाडाची सूचना? तीही त्याच मेलपेटीत येईल, अशी सोय तिनेच करून ठेवली होती.

तिने पेटी उघडली. बिघाडाच्या सूचनांची रांग लागली होती आणि त्यांच्या मधोमध कुहीचा मेल होता, एक अडतीसचा. 'ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, तातडीने. बाळंतीण. रक्तस्राव थांबत नाही.'

"भैयाजी," ती कशीबशी म्हणाली, "कुहीले रक्त पाहिजे होतं. पाऊण तास होत आला."

भैयाजी ताडकन उठले. म्हातारा माणूस, पण फ्रीजपर्यंत पळत गेला. खिडकीतून त्यांचा आवाज आला, "ओमप्रकाश, गाडी काढ गा! कुही! चहा राहू दे तुया!"

उत्तराने कुहीला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी परिचारिका सिंधूताईंनी तो उचलला.

"गाडी कुठवर आली वं?"

"आत्ता निघाली, ताई."

"आत्ता? मी तं मेल टाकला, म्हटलं गाडी निघालीच असन! काहून उशीर केला? आमच्याजवळ एकच पिशवी होती, ते लावली." मागे कोणीतरी हाक मारली आणि फोन कटला.

बाईचं कसं आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. पुन्हा फोन करायचा धीर तिला झाला नाही. सिंधूताईंचे हात रिकामे हवे होते.

भैयाजी परत आले. त्यांनी कपाटातून लिफाफा काढला आणि सह्यांवरूनच फाडला. गुप्त किल्ली पडद्यावर एकदाच दिसते, पुन्हा नाही. ती आता फक्त या कागदावर होती. ते एकेक अक्षर सावकाश वाचत गेले, ती टंकत गेली. पहिल्या खेपेला नकार आला. दुसऱ्या खेपेला टोकन मिळालं. घंटी वाजली. अडीच झाले होते.

"झालं न मंग?"

"साडेबाराले पण वाजलीच होती न, भैयाजी. साडेतीननंतर वाजली तं खरी."

पुढचा तास ती घंटीखाली बसून राहिली. मध्येच तिने रजिस्टर ओढलं, 'काम पूर्ण' वर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'दीड ते अडीच घंटी बंद. कुहीची मागणी सदतीस मिनिटं पडून राहिली. चूक माझी.'

"मोठ्या साहेबाच्या हाती पडते हे," भैयाजी हळूच म्हणाले. "तुले काढून टाकतीन."

"त्या बाईचं काही झालं, तं राहून तरी काय करू?"

त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं. मग 'माझी' खोडून 'आमची' केलं आणि सही ठोकली.

साडेतीन वाजले. काहीच झालं नाही. तीन पस्तीस. दूर कुठेतरी एक कूलर घरघरत होता.

तीन छत्तीसला घंटी वाजली. उत्तरा दचकून उभी राहिली, पण पडद्याकडे पाहायला मान वळेना. भैयाजींनीच चष्मा पुसून वाचलं:

'सिंधूताई, कुही. दोन पिशव्या मिळाल्या. एक लावली. बाई बोलून राहिली, पोराले मागून राहिली.'