रविवारची सरासरी

आकडेवारीच्या ऑफिसात पक्कं व्हायचं म्हणून सुलक्षणा मुलुंडच्या चाळीत माणसं मोजायला गेली. रविवारी संध्याकाळी सगळे घरी सापडतील, हा तिचा हिशेब. एकोणतीस खोल्यांना कुलूप! तिसाव्या, परबांच्या खोलीत टीव्हीवरचा सिनेमा बघत दीडशे माणसं, त्यातली सात कपाटावर.

"मोज, पण खाली बसून गं! मागच्यांना दिसत नाही," परबकाकू ओरडल्या.

तिनं दिसलं तेच लिहिलं. नोकरी गेलीच समजून ती सोमवारी साहेबांपुढे उभी राहिली.

साहेबांनी फक्त शेवटची ओळ वाचली. "खोलीमागे सरासरी पाच माणसं. झकास! आजपासून तुम्ही पक्क्या."

सुलक्षणाचा वासलेला आ संध्याकाळपर्यंत मिटला नाही. चहासुद्धा शिपायानं वरून ओतून पाजला.