उजवा हात

लग्नांची चित्रणं करणाऱ्या स्लावेंकाने बटण दाबलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावरचा रादोये आरशातल्यासारखा उलटा झाला. आता त्याच्या गालावरचा उजेड डावीकडून येत होता. दफनाच्या चित्रणातलं ऊनही डावीकडूनच होतं. बापाच्या शवपेटीशी, बहिणीच्या खांद्याला खांदा लावून तो चपखल बसला.

खरा रादोये त्या दिवशी व्हिएन्नात ट्रकमध्ये खोकी चढवत होता. मालकाने रजा दिली नव्हती. मागाहून त्याने स्वयंपाकघरात हिरवी चादर टांगली, काळा कोट चढवला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि ते चित्रण धाडून दिलं.

"आई रोज विचारते, रादोये का नाही आला," त्याची बहीण देसांका म्हणाली होती. "ती आता अर्धंअधिक विसरते. डोळ्यांनी दिसलं तर मानेल. तुझ्याकडे ते प्लगिन आहे ना गं, नवरानवरीला ढगात बसवतेस ते?"

"मेल्या माणसाच्या चित्रणात मी नाही वापरत ते."

"रादोये मेलाय का?"

अख्खं गाव पोटाला चिमटा घेऊन पोरं परदेशी धाडतं, आणि पोरांना बापाच्या मातीला आणायचं तर प्लगिन लागतं. स्लावेंकाने चित्रातली हिरवी चादर पुसली, सावली जोडली, शेवटी सोनेरी अक्षरांत बापाचं नाव टाकलं.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, स्मरणाच्या जेवणाला, दुपारी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेली. टेबलावर शिजवलेला गहू होता, मृताच्या नावाने थेंबभर ब्रँडी जमिनीवर सांडून झाली होती. देसांकाची आई, म्हातारी स्टोयांका, पडद्याला नाक लावून बसली.

रादोयेने क्रुसाची खूण केली. डाव्या हाताने.

चित्र उलटं केलं, तर हातही उलटाच होणार. जोडताना स्लावेंकाची सगळी नजर सावलीवर होती.

देसांकाने ओठ चावला. म्हातारीने चमचा उचलला आणि पडद्यावरच्या हातावर टक्कन मारला.

"उजवा हात, गाढवा! लहानपणी चमचे मोडले रे मी तुझ्या बोटांवर. गेली नाही ना खोड?"

मग ती हसली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

"आला होता म्हणजे. मीच मेली विसरले."

देसांकाने डोळे टिपले आणि टेबलाखालून स्लावेंकाचा हात दाबला. स्लावेंकाने तो सोडवून घेतला.

म्हातारीने ताटलीत गहू वाढला, वर साखर भुरभुरली.

"मग आत का येत नाही तो? मी मारेन म्हणून?"

"आई, बस ना गं."

"तू गप्प बस. पोराला दारात उभं ठेवतात का?"

ताटली सावरत ती भिंतीच्या आधाराने निघाली.

"स्लावेंका, सांग ना तिला काहीतरी," देसांका पुटपुटली.

पडद्यावर सोनेरी अक्षरं एकेक करून चमकत होती. बाहेरच्या खोलीत म्हातारी दाराची कडी काढत होती. कडी घट्ट होती, पण म्हातारी ती सोडत नव्हती.