डेल्बर्टने नेलेली काडतुसं

"मध्ये उठलास तर सगळ्या पुंगळ्यांतली दारू ओतून टाक आणि पहिल्यापासून भर. गोळी बसवायच्या आधी प्रत्येकीत डोकावून बघ. एकही सोडायची नाही."

माझे सासरे क्लेमन्स हे इतक्या हळू सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं प्रार्थनाच पुटपुटतायत. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण शेडमधल्या काडतुसं भरायच्या टेबलापाशी गेलं की मला अजून ते ऐकू येतं.

आयडाहोच्या या डोंगरांत एल्कच्या, म्हणजे सांबराहून मोठ्या हरणाच्या, शिकारीला निघालेला माणूस खिशात थोडी हलकी काडतुसं वेगळी ठेवतो. वाटेत रानकोंबडी दिसली तर तिला एल्कचं काडतूस घालून चालत नाही. हाती नुसती पिसं येतात आणि आवाजाने दरीतले एल्क पळतात ते वेगळंच. म्हणून त्याच रायफलीसाठी कमी दारूचं काडतूस घरी भरायचं. ते टाळी वाजवल्यासारखं वाजतं, कोंबडीही शाबूत राहते. माझ्या नवऱ्याची, रोलंडची, काडतुसं तर लोक मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर त्याला गाठून मागतात.

यात भीती एकच. दारू इतकी थोडी असते की पुंगळी बरीचशी रिकामीच राहते. चुकून दुसरं माप पडलं तरी ते वर येत नाही. डोकावलं तरच कळतं, नाहीतर दुप्पट दारूने रायफलच फुटू शकते.

काल डेल्बर्ट येऊन त्याचं खोकं घेऊन गेला. तो रोलंडचा शाळेपासूनचा मित्र. तरुणपणी दुसऱ्या कुणीतरी भरलेल्या काडतुसाने त्याची रायफल फुटली, दोन बोटं गेली आणि एक डोळा गेला. त्याच्या खाटेपाशी बसून रोलंड तेव्हा म्हणाला होता, "यापुढे तुझी मी भरीन. आणि मला जरा जरी शंका आली, तर तू असशील तिथे येऊन ती परत नेईन." तेव्हापासून डेल्बर्ट दुसऱ्या कुणाच्या काडतुसाला हात लावत नाही. थट्टा मात्र सोडत नाही.

"तुझी काडतुसं वाजतात की शिंकतात रे? माझी सासू याहून जोरात शिंकते," तो काल म्हणाला.

"मग सासूलाच घेऊन जा शिकारीला," रोलंड म्हणाला, "तिला निदान नेम तरी धरता येतो."

आज उजाडायच्या आत डेल्बर्ट ओढ्याच्या उगमाकडे, तंबूवर निघून गेला. माझी जपमाळ झाली, मी पावाचं पीठ मळायला घेतलं. रोलंड डेल्बर्टच्या काडतुसांबरोबरच भरलेलं एक काडतूस ओंडक्यावर मारून बघायला गोठ्यामागे गेला होता. माझा कान त्या टाळीकडे होता.

टाळी वाजलीच नाही. धडाका झाला. खिडकीच्या काचा थरथरल्या.

मी पिठाच्या हातांनीच धावले. रोलंड उभा होता, रायफल अंगापासून लांब धरून, चेहरा पांढराफटक. गालावर काजळीची रेघ होती. रायफलीचा बोल्ट उघडेना, शेवटी लाकडी हातोडी आणून ठोकून उघडावा लागला. आतली पुंगळी बुडाशी चेपली होती. शेडमध्ये जाऊन त्याने त्याच वेळी भरलेलं दुसरं काडतूस मोकळं केलं आणि दारू वजनकाट्यावर ओतली. माप दुप्पट.

मध्ये उठला होतास का, मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला आठवलं. गुरुवारी तो भरत बसला असताना चर्चची बाराची घंटा झाली. रोजच्यासारखी मी शेडच्या दारात जाऊन त्याला हाक मारली. रोजच्यासारखाच तो टोपी काढून माझ्याशेजारी प्रार्थनेला उभा राहिला आणि मग आत गेला.

"कुठवर भरलं होतं ते चुकलो असेन, भरलेल्यांतच परत दारू घातली," तो म्हणाला.

"पण डोकावून तर बघितलं असशील ना?"

"बघतो की. प्रत्येकीत बघतो." तो म्हणाला, "दिसत नाही, लॉरेटा. गेल्या हिवाळ्यापासून पुंगळीच्या आतलं मला काही दिसतच नाही."

एकेक पुंगळी उजेडाकडे धरताना मी त्याला परवाही पाहिलं होतं. मग सगळं सोंगच होतं का ते? मी तसं म्हटलं नाही, पण त्याला कळलं.

"बघायचं सोडलं असतं, तर तू विचारलं असतंस."

माझ्या डोळ्यांपुढे डेल्बर्ट येत होता. पहिली कोंबडी दिसताच तो खिशात हात घालील, बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकवील, आणि उरलेला एक डोळा नळीमागे नेईल.

खिंडीपलीकडे फोन लागत नाही. मी वनरक्षकाच्या चौकीला लावून पाहिला. नुसताच वाजत राहिला. परत लावते, मी म्हणाले. रोलंडने नकाराची मान हलवली.

"वनरक्षक जाईल असं डेल्बर्टला नव्हतो म्हणालो मी."

त्याने रायफल खुंटीला अडकवली आणि बूट चढवले. दाराजवळच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली, क्षणभर तळहातावर धरली आणि माझ्या पिठाच्या हातात ठेवली. मग अंगण ओलांडून तो गाडीपाशी गेला, चालकाची बाजू सोडून पुढून वळसा घातला आणि पलीकडचं दार उघडून आत बसला.