वकीलबाईंच्या केसांची माशी

मामाचा धंदा केस कापण्याचा, आणि नाद तेच केस गळाला बांधण्याचा. दुकान झाडताना एखादी बट मनात भरली की ती त्याच्या खिशात जायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो ती बारीक दोऱ्यानं, सोबत एखादं पीस लावून, गळावर गुंडाळत बसायचा. याला तो माशी म्हणायचा. ही खोटी माशी पाण्यावर इतकी अलगद टाकायची, की माशाला वाटलं पाहिजे, खरीच येऊन बसली. मासे मात्र आजवर तिला गुंतवळ समजत आले होते.

मामाचं लग्न झालेलं नव्हतं. एक मांजर होतं, तेही शेजाऱ्यांकडे जेवायला जाता जाता तिकडचंच झालं. रविवारी दुकान बंद, त्यामुळे रविवार त्याला खायला उठायचा. म्हणून ताईला हॉस्पिटलात रविवारची ड्यूटी लागली आणि भाचीला दिवसभर कुठं ठेवायचं हा प्रश्न निघाला, तेव्हा मामानं ताबडतोब हात वर केला. बोलणं फोनवर चाललं असल्यामुळे तो ताईला दिसला नाही.

"तिची आत्याही बोलावतेय," ताई म्हणाली. "असं करू. या रविवारी तुझ्याकडे, पुढच्या रविवारी आत्याकडे. मग पोरगीच ठरवेल, कायम कुठं जायचं ते."

आत्याच्या अंगणात ट्रॅम्पोलिन होतं. मामाकडे एक फिरती खुर्ची, चार आरसे आणि मासे न पकडणारी काठी. तरी त्याला ती पोर हवी होती. नुसती येऊन बसली असती तरी चाललं असतं. पण नुसतं बसायला कोण येतं?

भाचीला घरात वकीलबाई म्हणत. समोरचे दोन दात पडले होते, पण त्यानं युक्तिवादात काही फरक पडला नव्हता.

नदीवर जाण्याआधी मामानं बंद दुकानात तालीम घेतली. गळाच्या जागी लोकरीचा गोळा बांधला.

"माशीला वजन नसतं," तो म्हणाला. "म्हणून आपण माशी फेकतच नाही. दोरी फेकतो. माशी तिच्यामागून फुकटात जाते. काठी मागे न्यायची, थांबायचं, मग पुढे."

"किती थांबायचं?"

"मागे दोरी सरळ होईपर्यंत."

"मला मागे डोळे आहेत का?"

डोळे नव्हते, पण आरसे होते. मामानं खुर्चीच्या हातांवर लहान मुलांसाठीची फळी टाकली आणि वकीलबाईंना वर बसवलं, म्हणजे मागची दोरी त्यांना समोर दिसावी. ही कल्पना त्याला स्वतःलाच इतकी आवडली की खुर्चीचा खटका लावायचा राहून गेला. वकीलबाईंनी काठी जोरात फिरवली. काठीबरोबर खुर्ची फिरली, खुर्चीबरोबर वकीलबाई, आणि दोरी त्यांच्याभोवती रिळासारखी गुंडाळली गेली.

"मामा, यात मासा अडकतो ना?"

"हो."

"मग आता हे काय आहे?"

मामानं खुर्ची उलटी फिरवून वकीलबाईंना उकललं.

नदीवर त्यानं दुकानातली युक्ती काढली. चुळबुळ करणाऱ्या पोरांना तो एखादं वाक्य म्हणायला लावायचा. तेवढ्या वेळात कानामागचं उरकायचं. "काठी मागे नेलीस की म्हण, माझा मामा फार हुशार आहे. वाक्य संपलं की पुढे."

"खोटं बोलायचं नाही, आई म्हणते."

बरीच घासाघीस झाली. शेवटी 'माझा मामा बरा आहे' यावर तडजोड झाली. पहिले दोन फटके झकास पडले. मग वाक्याला पालवी फुटली. "माझा मामा बरा आहे, पण त्याचं मांजर पळून गेलं, कारण तो त्याच्याशी खूप बोलायचा आणि..." मांजर सासरी सुखी असल्याचं कळेपर्यंत मागची दोरी गवतात झोपली होती.

सकाळभरात वकीलबाईंनी एक झुडूप, मामाची टोपी आणि पुन्हा तेच झुडूप पकडलं.

"हे ठेवायचं की सोडून द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"सोडून देऊ. लहान आहे अजून."

मग त्या दगडावर बसल्या आणि पाय हलवत म्हणाल्या, "आत्याचं ट्रॅम्पोलिन किती मोठं असेल?"

मामा टोपी झटकत म्हणाला, "असेल आपलं. पलंगाएवढं."

"घराएवढं आहे. ती म्हणाली." मग त्यांनी गळ उचलून पाहिला. "ही माशी कुणाच्या केसांची?"

"हेडमास्तरांच्या."

"तरीच कुणी येत नाही. माझ्या केसांची कर."

केस कापणाऱ्याच्या खिशात कात्री असतेच. शहाण्या माणसानं मानेजवळचे चार केस घेतले असते. मामाला कपाळावरचे मऊ वाटले. त्यानं डावीकडून एक बट घेतली, आणि तिथंच थांबायला हवं होतं. पण धंद्याचा हात! एक बाजू छोटी दिसली की दुसरी बरोबरीला आणल्याशिवाय त्याला राहवेना. इकडे गिऱ्हाईक वाद घालत डोकं हलवत होतं. उजवी जरा जास्त गेली, म्हणून डावी. डावी जास्त गेली, म्हणून उजवी. दोन्ही बाजूंचा समेट झाला तेव्हा कपाळावर दात घासायच्या ब्रशाएवढं काहीतरी उभं राहिलं होतं. माशीला त्यातले चिमूटभर लागले. बाकीचे वाऱ्यावर गेले.

"माझा मामा बरा आहे," वकीलबाई म्हणाल्या. यावेळी तेवढंच म्हणाल्या. दोरी सुंदर उलगडली, माशी पाण्यावर टेकली, आणि पाण्यातून कुणीतरी येऊन ती गिळली.

"ओढ!" मामा ओरडला. "नको ओढू! ओढ!"

"एक काहीतरी ठरव!"

शेवटी त्यांनीच ठरवलं आणि मासा काठावर आणला. हाताच्या पंजाएवढा. मामानं हात ओले करून तो धरला आणि गळ अलगद सोडवला.

"यानं माझे केस खाल्ले," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

"हो."

"त्याला घरी जाऊ दे. त्याची आई शोधत असेल."

मासा गेला. मामानं बाहीनं डोळे पुसले.

"रडतोयस?"

"पाणी उडालं."

संध्याकाळी ताई ड्यूटीच्याच कपड्यांत दुकानात आली. लेकीकडे पाहून तिनं पर्स खुर्चीवर ठेवली, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहावेत.

"हे काय आहे?"

"माशी," मामा म्हणाला.

"हे डोकं घेऊन नणंदेच्या दारात जाऊ मी? म्हणेल, भाऊ केसच कापतो ना गं तुझा? ते काही नाही. केस वाढेपर्यंत ती आत्याकडे जात नाही. दर रविवारी आता तूच सांभाळ. तीच तुझी शिक्षा!"

मामाला आतून उकळ्या फुटल्या. त्या त्यानं दोन मिनिटं आरसा पुसून दाबल्या. मग त्याला वाटलं, हे काही खरं नव्हे. ठरवणार होती पोरगी.

"ताई, तिला विचार," तो म्हणाला. "जायचं असेल तर मी केस असे बसवून देतो, की मुद्दाम केलंय असं वाटेल."

दोघं वकीलबाईंकडे बघू लागली. त्यांनी आधी कपाळ आरशात दोन्ही बाजूंनी तपासलं.

"आत्याकडे सगळ्यांना उड्या मारता येतात," त्या म्हणाल्या.

"बरं मग?"

"मामाला काहीच येत नाही. दिवसभरात एक मासा मिळाला, तोही मीच पकडला. मी तिकडे गेले तर याचं कसं व्हायचं?"

ताईनं भावाकडे पाहिलं. मामा मान खाली घालून जमीन झाडत होता. जमिनीवर केर नव्हता.

"वाढतील कधी हे केस?" तिनं विचारलं. आवाज उतरला होता.

मामानं झाडू ठेवला, मान तिरकी करून धंद्याच्या नजरेनं पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. "वाढतील गं. फक्त ती उजवी बाजू किंचित..."

"कात्री खाली ठेव!" मायलेकी एकदमच ओरडल्या.